आर्वीहून परळपर्यंत

आर्वीच्या बसस्थानकात पुलगावची बस येऊन उभी राहिली, की एक दृश्य हमखास दिसते. आतली माणसे अजून उतरतही नसतात, तोच खिडक्यांतून रुमाल, टोप्या, दुपटे आणि पिशव्या आत पडू लागतात. ज्याचा रुमाल ज्या बाकावर पडला, त्याची ती जागा, असा हा अलिखित कायदा आहे. आणि नवल असे, की तो बहुधा पाळलाही जातो. बस गावाबाहेर पडल्यावर वाटेत एखादा शेतकरी हात दाखवितो. वाहक एक घंटी देतो, बस थांबते. दोन घंट्या होतात, ती पुन्हा निघते. “जरा सरकता का, बाप्पा?” असे म्हणून तो शेतकरी दोघांच्या बाकावर तिसरा होऊन बसतो. कोणी रागावत नाही. उलट पऱ्हाटीला यंदा बोंडे किती लागली, याची चौकशी सुरू होते.

ही आर्वीकडची रीत होय. प्रत्येक मुलखाला प्रवासाची अशी एक रीत असते. ती कोठल्याही पाटीवर लिहिलेली नसते आणि कोणी मुद्दाम शिकवीतही नाही. लहानपणापासून पाहून पाहून ती अंगवळणी पडते. अडचण येते ती मुलूख बदलल्यावर. आर्वीस जो मनमिळाऊ समजला जातो, तोच दुसऱ्या शहरात आडमुठा ठरतो. आणि कित्येकदा गोष्ट केवळ मानापमानाची राहत नाही, ती जिवावर बेतते.

याचे एक उदाहरण आर्वीच्या जवळचेच आहे. पुलगाव ते आर्वी या सुमारे ३५ किलोमीटरांच्या अंतरात १९१७ साली एक लोहमार्ग सुरू झाला. त्याच्या दोन रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर होते. या भागातील कापूस मुंबईकडे जाणाऱ्या मोठ्या मार्गापर्यंत पोहोचविणे, हे अशा मार्गांचे मुख्य काम. लोक त्या गाडीस लाडाने ‘शकुंतला’ म्हणत. तिची चाल इतकी मंद, की तरणीताठी माणसे चालत्या गाडीतून खाली उतरत आणि दोन पावले धावून पुन्हा वर चढत. ती गाडी आता धावत नाही. पण तिच्या आठवणी घराघरांतील आजोबा अजून रंगवून सांगतात आणि नातवंडे त्या डोळे विस्फारून ऐकतात. आठवणी गोड आहेत, यात शंका नाही. मात्र शकुंतलेवर शिकलेली ही कसरत मुंबईच्या लोकलगाडीवर करावयास गेल्यास परिणाम फार निराळा होतो. विजेवर चालणारी लोकल फलाटावरून हलली, की काही सेकंदांतच धावत्या माणसाला मागे टाकील एवढा वेग घेते. तिच्यातून उतरणाऱ्याचे पाय जमिनीला टेकताच थांबतात. पण वरचे शरीर गाडीच्याच वेगाने पुढे जाऊ पाहते. विज्ञानाच्या पुस्तकात ज्यास जडत्व म्हणतात, ते हेच. मनुष्य तोंडघशी पडतो, आणि पडतो तो गाडीच्या शेजारीच.

विदर्भातून मुंबईस जाणाऱ्यांची कारणे अनेक असतात. कोणी नोकरीसाठी जातो, कोणी परीक्षेसाठी, कोणी भावाबहिणीकडे लग्नाला. परंतु एक कारण असे आहे, की त्यासाठी जाताना कोणाच्याही मनात उत्साह नसतो. मुंबईत परळ भागात टाटा स्मारक रुग्णालय आहे. ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. कर्करोगाच्या उपचारासाठी देशाच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण तेथे येतात. त्यांत विदर्भातील खेड्यापाड्यांची माणसेही असतात. पुलगावपासून सातशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करून, रात्रभर गाडीत बसून, आजारी आत्या, तिचा हात धरणारे काका आणि मदतीला म्हणून बरोबर घेतलेला अकरा-बारा वर्षांचा भाचा, असे कुटुंब पहाटे दादर स्थानकात उतरते. काकांचे डोळे अधू असतात, आत्याच्या अंगात त्राण नसते. पाट्या वाचावयाच्या, सूचना ऐकावयाच्या आणि वाट विचारावयाची, हे काम मग त्या मुलावर येऊन पडते. अशा वेळी शहराची रीत ठाऊक असणे, हा केवळ चांगल्या वर्तणुकीचा प्रश्न राहत नाही.

दादर हे स्थानक नवख्यास गोंधळात पाडणारे आहे. मध्य रेल्वे आणि पश्चिम रेल्वे या दोन्ही रेल्वेंचे फलाट तेथे शेजारी शेजारी आहेत आणि पुलांनी जोडलेले आहेत. पूर्वी दोन्ही रेल्वे आपापले फलाट एकपासून मोजीत. त्यामुळे एकाच स्थानकात एकाच क्रमांकाचे दोन फलाट असत, आणि “अमुक फलाटावर थांबा” असा निरोप मिळालेला पाहुणा हटकून दुसऱ्याच फलाटावर जाऊन उभा राही. अखेर डिसेंबर २०२३ मध्ये हे क्रमांक बदलण्यात आले. पश्चिम रेल्वेचे १ ते ७ हे क्रमांक तसेच राहिले आणि मध्य रेल्वेच्या फलाटांस ८ ते १४ हे क्रमांक देण्यात आले. मुंबईच्या रेल्वेस सुरुवात झाली ती १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदर ते ठाणे या मार्गावर. तेव्हापासून पाहता ही साधी गोष्ट सुचण्यास बराच काळ लागला, असे कोणी म्हटल्यास त्यास दोष देता येणार नाही.

दादरहून परळ हे मध्य रेल्वेवरचे पुढचेच स्थानक. पण तेथे कोणतीही गाडी पकडून चालत नाही. लोकलगाड्या दोन प्रकारच्या असतात. धिमी गाडी प्रत्येक स्थानकावर थांबते, जलद गाडी मोजक्या स्थानकांवर. दादरहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे जाणाऱ्या जलद गाडीत जो चढेल, त्यास परळचा फलाट खिडकीतून मागे पळताना दिसेल आणि तो एकदम भायखळ्यास जाऊन पोहोचेल. म्हणून फलाटावर टांगलेला फलक आधी नीट वाचावा. गाडी कोठे जाणार, धिमी की जलद, तिला डबे किती आणि ती किती मिनिटांत येणार, हे सर्व त्यावर दाखविलेले असते. डब्यांची संख्या पाहण्याचे कारण असे, की बारा डब्यांची गाडी आणि पंधरा डब्यांची गाडी यांचे शेवटचे डबे एकाच ठिकाणी थांबत नाहीत. ज्यास हे ठाऊक नसते, त्यास गाडी आल्यावर सामानासह धावत सुटावे लागते, आणि फलाटावरील बरेचसे अपघात या धावण्यातूनच होतात.

डबाही पाहून निवडावा. काही डबे स्त्रियांसाठी राखीव असतात, काही पहिल्या वर्गाचे असतात. मालाच्या मोठ्या ओझ्यांसाठी वेगळा डबा असतो. दिव्यांगांसाठी एक छोटा डबा राखलेला असतो. त्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांस व गरोदर स्त्रियांसही प्रवास करता येतो, ही गोष्ट बाहेरगावच्या पुष्कळ लोकांस माहीत नसते. बिचारे रुग्ण सामान्य डब्याच्या रेट्यात चेंगरून जातात आणि हक्काची जागा थोड्या अंतरावर तशीच राहते. रुग्णालयाचा कागद जवळ ठेवावा, म्हणजे कोणी विचारल्यास दाखविता येतो. याउलट, ज्यास असा हक्क नाही अशा धडधाकट माणसाने रिकामी जागा दिसली म्हणून त्या डब्यात शिरू नये. पुढच्याच स्थानकावर कुबड्या घेतलेला एखादा मनुष्य दाराशी येईल. त्याच्याजवळ दुसरा डबा गाठण्याइतका वेळ नसतो.

कारण लोकल थांबते ती अर्ध्या मिनिटाहूनही कमी. तेवढ्या वेळात शंभर माणसे उतरतात आणि शंभर चढतात. हे कसे शक्य होते, हे पाहण्यासारखे आहे. गाडी येण्यापूर्वी फलाटावरील लोक पिवळ्या पट्टीच्या मागे उभे राहतात. दार समोर आले, की मधली वाट मोकळी सोडून ते दोन्ही बाजूंस सरकतात. आधी उतरणारे बाहेर येतात, मग चढणारे आत जातात. हा क्रम मोडला, की दोघांचीही कोंडी होते. आर्वीच्या बसमध्ये उतरणाऱ्यांच्या अंगावरूनच वर चढले तरी फार तर बोलाचाली होते, कारण बस उभी असते आणि सर्व प्रवासी आत आल्याखेरीज वाहक घंटी देत नाही. लोकलचा मोटरमन पुढच्या टोकाला बसतो आणि गार्ड मागच्या टोकाला. मधल्या डब्याच्या दारात कोणाचा पाय अडकला आहे, हे त्यांना प्रत्येक वेळी दिसेलच असे नाही.

रुमाल टाकून जागा धरण्याची कल्पना तर मुंबईत चालतच नाही. पण तेथेही अलिखित कायदे आहेतच. तिघांच्या बाकावर चौथा मनुष्य अर्धवट टेकतो. त्यास ‘चौथी सीट’ म्हणतात, आणि “जरा सरका” एवढे म्हटले, की बाकीचे तिघे मुकाट्याने आक्रसून बसतात. आर्वीच्या शेतकऱ्यास हे पाहून घरच्यासारखे वाटेल. उभा असलेला प्रवासी बसलेल्यास विचारतो, “कोठे उतरणार?” परगावच्या माणसास वाटते, हा उगाच चौकशा करीत आहे. वास्तविक तो जागेसाठी नंबर लावीत असतो. उत्तर मिळाले, की त्या जागेवर पुढचा हक्क त्याचा, आणि बाकीचे प्रवासी तो मानतात. पाठीवरचे दप्तर किंवा पिशवी काढून छातीशी धरणे, हीही तेथील एक रीत आहे. पाठीवरचे दप्तर ज्याचे त्याला दिसत नाही. तो वळतो आणि मागच्याच्या तोंडावर ते आपटते. शिवाय गर्दीत त्यातील वस्तू कोणी काढून घेतली तरी समजत नाही. जड सामान वरच्या फळीवर ठेवावे. मात्र उतरण्याच्या आधी ते काढून हाती घेण्यास विसरू नये.

कोठे उभे राहावे, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. ज्यास दूर जावयाचे आहे, त्याने आत जावे. दाराशी थांबून इतरांची वाट अडवू नये. ज्यास पुढच्याच स्थानकावर उतरावयाचे आहे, त्याने फार आत शिरू नये, नाही तर गर्दीतून बाहेर येण्यापूर्वीच गाडी सुटते. दादरहून परळला जाणारा मुलगा या दुसऱ्या प्रकारात मोडतो. त्याने दारापासून दोन पावले आत, दांड्याला धरून उभे राहावे आणि शेजारच्यास विचारावे, “परळचा फलाट कोणत्या बाजूस येतो?” मुंबईकर घाईत असला तरी या प्रश्नाचे उत्तर देतोच. बहुतेक गाड्यांत पुढील स्थानकाचे नाव मराठी, हिंदी व इंग्रजी या तीन भाषांतून सांगितले जाते. तिकडेही कान असावा.

दोन पावले आत, हे शब्द महत्त्वाचे आहेत. दारात उभे राहिल्यावर वारा छान लागतो. ९ जून २०२५ रोजी सकाळी ठाणे जिल्ह्यात मुंब्रा स्थानकाजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या शेजारून विरुद्ध दिशांनी गेल्या. दोन्ही गाड्या खच्चून भरलेल्या होत्या आणि दारांशी माणसे लटकत होती. त्यांतील अनेक जण रुळांवर पडले. त्या दिवशी चौघांचा मृत्यू झाला. पडलेले सर्वच लोक बेफिकीर होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. वेळेवर कामावर पोहोचण्यासाठी ज्यांना रोज त्या गाडीने जावेच लागते, त्यांना आत जागा मिळाली नाही तर दारात उभे राहण्यावाचून गत्यंतर नसते, आणि गर्दी कमी करणे हे त्यांच्या हातात नसते. २५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम रेल्वेवर पहिली वातानुकूलित लोकल सुरू झाली. तिची दारे आपोआप बंद होतात. मुंब्र्याच्या अपघातानंतर अशी दारे इतर लोकलगाड्यांसही बसविण्याचा विषय ऐरणीवर आला. पण परगावाहून आलेल्या मुलावर दारात लटकण्याची सक्ती कोणी केलेली नसते. एक गाडी भरलेली असेल तर ती सोडून द्यावी. मुंबईत दिवसाकाठी लोकलच्या तीन हजारांहून अधिक फेऱ्या होतात. दुसरी गाडी काही मिनिटांतच येते. पुलगावला चुकलेली गाडी दुसऱ्या दिवशी मिळते, म्हणून तिकडचा मनुष्य गाडीसाठी जिवाच्या आकांताने धावतो. दादरला तसे धावण्याचे काहीच कारण नाही.

मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २०२३ व २०२४ या दोन्ही वर्षांत प्रत्येकी दोन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत सर्वांत मोठी संख्या गाडीतून पडणाऱ्यांची नव्हे; ती रूळ ओलांडणाऱ्यांची आहे. पूल चढून जाण्याचा कंटाळा, एवढेच पुष्कळदा त्याचे कारण असते. येथे थोडे गणित करून पाहावे. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २० मीटर जाते. चार मार्ग ओलांडण्यास खडीवरून चालणाऱ्या माणसास १५ सेकंद लागले, असे धरले, तर तेवढ्यात गाडी ३०० मीटर पुढे आलेली असते. म्हणजे ओलांडण्यास सुरुवात करताना जी गाडी तीनशे मीटर दूर होती, ती शेवटचे पाऊल टाकताना अंगावर असते. मोटरमनने ब्रेक दाबला तरी एवढे मोठे धूड जागच्या जागी थांबत नाही. त्यास शेकडो मीटर अंतर लागते. शिवाय विजेची गाडी वाफेच्या इंजिनासारखी धडधडत येत नाही. समोरून जाणाऱ्या गाडीच्या आवाजात मागून येणारी दुसरी गाडी ऐकूही येत नाही, आणि घात होतो तो बहुधा या दुसऱ्या गाडीनेच.

वरच्या तारांविषयीही सांगितले पाहिजे. त्या तारांतून २५,००० व्होल्ट दाबाची वीज वाहते. घरातील दिव्यास लागणारी वीज २३० व्होल्टची असते, यावरून कल्पना येईल. एवढ्या दाबाच्या तारेस हात लागावाच लागतो असे नाही. नुसते फार जवळ गेले तरी ठिणगी हवेतून झेप घेते. म्हणून गाडीच्या टपावर चढणे, किंवा पुलावरून लोखंडी दांडा, ओली दोरी वा पतंगाचा मांजा खाली सोडणे, हे खेळ तेथे कोणी करू नयेत.

परळच्या पुलाची हकीकत मात्र निराळ्या प्रकारची आहे, कारण तेथे कोणीही रूळ ओलांडले नव्हते. उलट सर्व जण नियमाप्रमाणे पुलावरूनच जात होते. परळ स्थानकाच्या शेजारी पश्चिम रेल्वेचे एक स्थानक आहे. त्याचे नाव तेव्हा एल्फिन्स्टन रोड असे होते. २०१८ साली ते प्रभादेवी झाले. दोन्ही स्थानकांस जोडणारा एक अरुंद पादचारी पूल होता. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी जोराचा पाऊस आला. खाली उतरणारे लोक भिजू नये म्हणून जिन्यावरच थांबले. मागून प्रत्येक गाडीबरोबर नवे लोक पुलावर येत राहिले. पुढे काय चालले आहे हे मागच्यांस दिसत नव्हते, आणि मागून किती रेटा येत आहे हे पुढच्यांस कळत नव्हते. त्या चेंगराचेंगरीत २३ माणसे प्राणास मुकली. त्यानंतर लष्कराच्या जवानांनी तेथे नवा पूल उभारला. तो फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. पूल अरुंद होता हे या दुर्घटनेचे मोठे कारण, आणि ते दूर करणे प्रवाशांच्या हाती नव्हते. तरी जिन्यावर कधीही थांबू नये, पुढे कोंडी दिसताच मागे ओरडून सांगावे आणि पुढच्यास ढकलू नये, हे प्रत्येकास करता येते. गर्दीत काही वस्तू खाली पडली तर ती उचलण्यास वाकू नये. चप्पल गेली तर जाऊ द्यावी. हात छातीसमोर दुमडून धरावेत, म्हणजे श्वासापुरती जागा राहते.

मुंबईत रेल्वेखेरीज बेस्टच्या बसगाड्या आहेत. पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर धावली. बससाठी रांग लावण्याची मुंबईची सवय वाखाणण्याजोगी आहे. रांगेत घुसणाऱ्यास तेथे शब्दांनी सोलून काढतात. कोणत्या दाराने चढावयाचे आणि कोणत्या दाराने उतरावयाचे, हे दारावर लिहिलेले असते. उतरल्यावर बसच्या पुढून लगेच रस्ता ओलांडू नये, कारण बसच्या आडून येणारे वाहन दिसत नाही आणि वाहनचालकासही मूल दिसत नाही. बस जाऊ द्यावी आणि मग दोन्ही बाजूंस पाहावे. ही गोष्ट आर्वीच्या बसस्थानकाबाहेरही तितकीच खरी आहे. सरकत्या जिन्याची ओळख मात्र आर्वीच्या मुलास आता नागपुरातही करून घेता येते. तेथील मेट्रो ८ मार्च २०१९ रोजी सुरू झाली. त्या जिन्यावर कठड्याला धरून, पायरीच्या मधोमध उभे राहावे. ओढणी, पदर आणि धोतराचा सोगा वर उचलून धरावा, कारण पायऱ्यांच्या फटीत अडकलेले वस्त्र जिना आपण होऊन सोडीत नाही.

परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांतील मुलांना तर याहून निराळ्या रिती शिकाव्या लागतात. लंडनमध्ये जमिनीखालून धावणारी रेल्वे १० जानेवारी १८६३ रोजी सुरू झाली, म्हणजे मुंबईच्या पहिल्या गाडीनंतर दहाच वर्षांनी. तेथे फलाट व गाडी यांमधील फटीकडे लक्ष द्या, अशी सूचना ध्वनिक्षेपकावरून सतत ऐकू येते. लंडनच्या बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत. खिशात नाणी खुळखुळत असली तरी कार्डावाचून बसता येत नाही. रेल्वेत शिरताना आणि बाहेर पडतानाही कार्ड यंत्रावर टेकवावे लागते. बाहेर पडताना विसरल्यास प्रवास कितीही लहान असला तरी सर्वांत अधिक भाडे कापले जाते. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभे राहावयाचे आणि डावी बाजू घाईत असलेल्यांसाठी मोकळी ठेवावयाची, हा तेथील शिष्टाचार. २०१५ साली होबर्न या स्थानकात एक प्रयोग झाला. तीन आठवडे लोकांस दोन्ही बाजूंनी उभे राहण्यास सांगण्यात आले, तेव्हा गर्दीच्या वेळी तोच जिना अधिक माणसे वाहून नेतो असे आढळले. तरीही लोक जुनी रीत सोडण्यास सहजी तयार झाले नाहीत. अंगवळणी पडलेली गोष्ट फक्त आर्वीकरांनाच सोडवत नाही, असे नाही!

जर्मनीतील म्युनिक किंवा बर्लिन या शहरांत भुयारी रेल्वेच्या दाराशी तिकीट तपासणारे कोणी नसते, आणि अडविणारी फाटकेही नसतात. नवख्यास वाटते, येथे फुकट प्रवास आहे. तसे नाही. कागदी तिकीट घेऊन ते यंत्रात घालावे लागते; यंत्र त्यावर वेळेचा शिक्का उठविते. शिक्का नसलेले तिकीट विकत घेतलेले असले तरी बाद ठरते. साध्या वेषातील तपासनीस अचानक डब्यात येतात, आणि मला नियम ठाऊक नव्हता, ही सबब ते ऐकून घेत नाहीत. टोकियोमध्ये निशिकासाई भागात अनेक भारतीय कुटुंबे राहतात. तेथून शहराकडे जाणाऱ्या तोझाई मार्गावरील सकाळची गर्दी मुंबईच्या गर्दीची आठवण करून देणारी असते. पण फलाटावर दार कोठे येणार याच्या खुणा रेखलेल्या असतात, आणि लोक त्या खुणांपाशी रांगा करून उभे राहतात. डब्यात कोणी दूरध्वनीवर बोलत नाही. आर्वीच्या बसमधील गप्पांत वाढलेल्या मुलास ती शांतता प्रथम रागासारखी भासते. वस्तुतः तेथे शेजाऱ्यास त्रास न देणे यालाच आपुलकी समजतात.

या सर्व शहरांत एक संकट मात्र सारखेच आहे, ते म्हणजे चुकामूक. काका गाडीत चढले आणि मुलगा फलाटावर राहिला, किंवा मुलगा चढला आणि काका राहिले, असे कोणाच्याही बाबतीत घडू शकते. तेव्हा दोघांनीही एकमेकांस शोधीत निघणे, ही सर्वांत मोठी चूक होय. दोन माणसे एकाच वेळी हलू लागली, की भेट होणे कठीण. म्हणून निघण्यापूर्वीच ठरवून ठेवावे, की फलाटावर राहिलेल्याने जागा सोडावयाची नाही आणि गाडीतून पुढे गेलेल्याने पुढच्याच स्थानकावर उतरून तेथेच थांबावयाचे. मुलगा पुढे गेला असेल तर काका मागच्या गाडीने त्या स्थानकावर येतील. चालत्या गाडीतून उडी टाकू नये, आणि चालत्या गाडीमागे धावूही नये. मदत मागावयाची ती गणवेशातील पोलिसाकडे, तिकीटखिडकीवर किंवा स्थानकप्रमुखाच्या कार्यालयात. “चल, मी तुला काकांकडे नेतो” असे म्हणणाऱ्या अनोळखी माणसाबरोबर, तो कितीही गोड बोलत असला तरी, स्थानकाबाहेर जाऊ नये. रेल्वेच्या मदतीसाठी १३९, संकटातील मुलांसाठी १०९८ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक आपल्या देशात कोणत्याही दूरध्वनीवरून लावता येतात.

आणि एक कागद जवळ असावा. त्यावर मुलाचे नाव, बरोबरच्या वडीलधाऱ्यांचा दूरध्वनी क्रमांक, मुंबईत जेथे उतरावयाचे तेथला पत्ता आणि आर्वीचा पत्ता लिहिलेला असावा. घाबरलेल्या मुलास तोंडपाठ असलेला क्रमांकही आठवत नाही. हा कागद दप्तरात ठेवू नये, कारण चुकामूक होते तेव्हा दप्तर बहुधा मोठ्या माणसाच्या खांद्यावर असते. तो अंगातील सदऱ्याच्या खिशात ठेवून वर टाचणी लावावी.